आडवं झालं की थांबणारं दुखणं

पत्र असं आहे (थोडं आटोपशीर करून देते आहे):

«डॉक्टरबाई, मी ३६ वर्षांची. दोन मुलं, ११ आणि ७ वर्षांची, मधे एकदा गर्भ पडला. आमचं पोळी-भाजीचं केंद्र आहे. सकाळी सहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ मी ओट्यापाशी उभी असते. धाकटीच्या बाळंतपणापासून ओटीपोट डाव्या बाजूला दुखतं. कळ नाही, जडपणा. कुणी आत वरवंटा ठेवल्यासारखा. सकाळी उठते तेव्हा काही नसतं. दुपारपर्यंत कंबर भरते, रात्री उभं राहवत नाही. पाळीच्या आधीचे आठ दिवस तर विचारूच नका. यांच्याजवळ गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणकतं, म्हणून मी टाळते, आणि त्यावरून घरात अबोला. तीनदा सोनोग्राफी केली, तिन्ही नॉर्मल. एका डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून झोपेची गोळी दिली. दुसरे म्हणाले, दोन मुलं झालीत ना, पिशवी काढून टाकू. सासूबाई म्हणतात, ओल्या अंगाने वजन उचललंस त्याचं हे. आणखी एक, लिहायला लाज वाटते. धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात खाली, लघवीच्या जागेशेजारी डावीकडे निळ्या शिरांचा गठ्ठा आला होता. नंतर बसला, पण मांडीच्या आतल्या अंगाला अजून दिसतात. हे सगळं मनाचं आहे का? पिशवी काढू का? पुढे कॅन्सर तर होणार नाही? मला लेकीसारखं एकेरीच लिहा. – एक पोळीवाली»

लेकी,

सगळ्यात कामाची गोष्ट तू सगळ्यात शेवटी, लाजत लाजत लिहिलीस. तो निळ्या शिरांचा गठ्ठा. तीन सोनोग्राफ्यांच्या वेळी तू तो कुणाला सांगितला नसणार आणि तुला कुणी विचारलंही नसणार. तुझं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘सकाळी उठते तेव्हा काही नसतं.’ डावी बाजू, जडपणा, उभं राहिलं की वाढणं, आडवं झालं की उतरणं, पाळीच्या आधीचे दिवस, संबंधानंतर तासन्‌तास ठणकणं आणि गरोदरपणात खाली शिरा येणं, हे सगळं एकत्र मांडलं की मला एक शंका येते. पत्रावरून निदान होत नसतं. पण शंका कुठे घेऊन जायची ते सांगता येतं.

पायावर फुगलेल्या, वेड्यावाकड्या निळ्या शिरा तू पाहिल्या असशील. बसचे कंडक्टर, न्हावी, बाजारात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका यांच्या पोटऱ्यांवर असतात त्या, व्हेरिकोज व्हेन्स. तशाच शिरा ओटीपोटात, गर्भाशय आणि अंडाशयाच्या भोवती फुगतात. त्यातून दुखणं सुरू झालं की त्याला पेल्विक कंजेशन सिंड्रोम म्हणतात. अलीकडे डॉक्टर पेल्विक व्हेनस डिसऑर्डर असंही लिहितात. पाळी चालू असलेल्या, मुलं झालेल्या बायकांत हे जास्त दिसतं. पाळी गेली की बहुतेकींचं आपोआप कमी होतं, पण तुझी पाळी जायला अजून दहा-पंधरा वर्षं आहेत.

आत काय बिघडतं ते सांगते. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व गळका झाला की मोटार बंद केल्याबरोबर पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. शिरांमध्येही असेच छोटे पडदे असतात. रक्त वर हृदयाकडे जाऊ द्यायचं, खाली परतू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. अंडाशयापासून निघालेली शीर ओटीपोटातून वर, पार मूत्रपिंडाच्या उंचीपर्यंत जाते. उजवीकडची शीर मधल्या मोठ्या शिरेला तिरकी जाऊन मिळते. डावीकडची मात्र डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात धडकते. वाट लांब, वळण वाईट, म्हणून पडदे खराब होतात ते बहुधा डाव्या बाजूचे. त्यात गरोदरपण. त्या नऊ महिन्यांत अंगातलं रक्त वाढतं, संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैलावतात, वाढलेली पिशवी त्यांच्यावर रेलते आणि शिरा पुष्कळ रुंद होतात. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींच्या शिरा पूर्ववत होतात. काहींच्या होत नाहीत. रुंद शिरेत पडद्यांची दोन टोकं एकमेकांना भिडत नाहीत, उभं राहिलं की रक्त खाली उतरून साचतं. तुझा वरवंटा तो हा. रात्री आडवी झालीस की चढ उरत नाही, रक्त वाहून जातं, म्हणून सकाळ बरी. सासूबाईंचं अर्धं खरं आहे, बाळंतपणाशी संबंध आहे. वजनाला मात्र उगाच दोष देऊ नका.

काही जणींत पडदे ठीक असतात आणि अडथळा वर असतो. डाव्या मूत्रपिंडाची शीर दोन धमन्यांच्या बेचक्यातून जाते, तिथे ती अडकित्त्यातल्या सुपारीसारखी दाबली जाते. डॉक्टरी पुस्तकांतही या प्रकाराचं नाव अडकित्त्यावरूनच पडलं आहे. अशा वेळी डाव्या कुशीत दुखतं, लघवीतून रक्त जाऊ शकतं. तुला तसं काही झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांग, कारण त्यावर उपचाराची दिशा बदलते.

आता एक गंमत, म्हणजे गंमत तरी कसली. हाच आजार, याच बाजूचा, जवळजवळ याच शिरेचा, पुरुषांना होतो. त्याला व्हेरिकोसील म्हणतात. तुमच्या भागात पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं असतीलच. मेडिकलमध्ये अडकायला नको म्हणून त्यातली काही आधीच जाऊन याचं ऑपरेशन करून येतात. त्यांना कुणी ‘तुझ्या मनात आहे’ असं म्हणत नाही, कारण फुगलेल्या शिरा शरीराबाहेर, वृषणाच्या पिशवीत असतात. डॉक्टर हाताने चाचपतो, गांडुळांच्या गुंत्यासारख्या लागतात, विषय संपला. बाईचा तोच गुंता पोटाच्या आत. म्हणून तिला झोपेची गोळी.

मी स्वतः या पापातून सुटलेली नाही. प्रॅक्टिसची पहिली काही वर्षं अशा कितीतरी बायकांना मी बी-कॉम्प्लेक्स आणि लोहाच्या गोळ्या देऊन ‘रिपोर्ट छान आहे, काळजी करू नका’ असं सांगून घरी पाठवलं. रिपोर्ट छान होता, हे खरंच होतं. डोळे उघडले ते एका शाळेतल्या शिक्षिकेमुळे. बाई दर तीन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन यायच्या, आणि मे महिन्यात कधीच यायच्या नाहीत. सुट्टीत दुखणं सुट्टीवर. शेवटी एका रेडिओलॉजिस्ट मित्राने त्यांची आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी केली. आधी नेहमीसारखी झोपवून. पडद्यावर पिशवीच्या डाव्या कडेला चार-दोन बारीक काळे ठिपके, त्यात नोंद घेण्यासारखं काही नाही. मग त्याने त्यांना उभं केलं, दहा मिनिटं तशाच उभ्या ठेवलं, नंतर प्रोब लावून म्हणाला, ‘शौचाला जोर देतो तसा जोर द्या.’ ते ठिपके माझ्या डोळ्यांदेखत वाढत वाढत मटकीएवढे झाले. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारं डॉप्लर लावल्यावर त्यात रंग शिरला, आणि जोर दिला की निळ्याचा लाल, सोडला की लालाचा निळा. रक्त खाली-वर हिंदकळत होतं. बाई मान वळवून पडद्याकडे बघत होत्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी रडायला लागल्या. म्हणाल्या, ‘म्हणजे आहे ना काहीतरी?’

उभ्याने होणारं दुखणं आपण आडवं झोपवून शोधतो, तेही बहुधा सकाळच्या वेळी. दिसणार कसं?

हा आजार नवा नाही. हॉवर्ड टेलर नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४९ साली यावर सविस्तर लिहिलं. पण त्याचं मूळ त्याने बऱ्याच अंशी मानसिक ताणात शोधलं, आणि ते बालंट पुढे चिकटून राहिलं. १९८४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी कारण न सापडणारी जुनाट ओटीपोटदुखी असलेल्या बायकांच्या शिरांत रंग सोडून एक्स-रे काढले. बहुतेकींच्या शिरा रुंद निघाल्या आणि रंग आत रेंगाळलेला. तेव्हा ‘मनाचं आहे का’ याचं उत्तर माझ्याकडून घे: नाही. सात वर्षं दुखल्यावर मन थकतं, हे वेगळं. आणि ती झोपेची गोळी रोजची झाली असेल तर माझं वाचून एकदम बंद करू नको, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर.

पण उलट्या बाजूने घाई करू नकोस. फुगलेल्या शिरा दिसल्या म्हणजे दुखणं त्यांचंच, असं नसतं. मूत्रपिंडदान करायला आलेल्या, काही तक्रार नसलेल्या बायकांच्या तपासणीतसुद्धा अशा शिरा सापडतात. शिवाय ओटीपोटाचं दुखणं एका घरात राहत नाही. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), पिशवीच्या भिंतीतली सूज, जुना जंतुसंसर्ग, आपल्याकडे पिशवीचा टीबी, आतड्याची चिडचिड, मूत्राशय, कंबरेचे स्नायू, यांतलं काहीही तुझ्या तक्रारीसारखं वागू शकतं. एंडोमेट्रिओसिसचं दुखणं साधारणपणे पाळीच्या दिवसांत जास्त आणि संबंधाच्या वेळीच खोल कळ. तुझं पाळीआधी जास्त आणि संबंधानंतर. हा फरक पक्का नाही, पण तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला उपयोगी पडेल. म्हणून आधी तिच्याकडेच जा. पोटावर बेंबी आणि कंबरेच्या हाडाचं पुढचं टोक यांच्या मधे एका जागी दाबून ती बघेल. तिथे नेमकं दुखलं आणि संबंधानंतर ठणकण्याची तक्रारही असली, तर संशय बळावतो. सोनोग्राफीत चार मिलिमीटरहून रुंद, वाकड्यातिकड्या शिरा आणि सहा मिलिमीटरच्या पुढे गेलेली अंडाशयाची शीर दिसली, तर पुढे सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचं चित्र काढणारी तपासणी, करून वर कुठे दाब आहे का ते बघतात.

पिशवीबद्दल स्पष्टच लिहिते. या कारणासाठी ३६ व्या वर्षी पिशवी काढू नको. बिघडलेली शीर अंडाशयाची. पिशवी गेली तरी ती जागच्या जागी राहते, दुखणंही राहू शकतं. दोन्ही अंडाशयं काढली तर एका दिवसात पाळी गेल्यासारखं होतं आणि हाडं, हृदय त्याची किंमत पुढची कित्येक वर्षं मोजतात. पूर्वी दुसरा मार्ग नव्हता तेव्हा हे केलं जायचं, कधी उतारही पडायचा. आता दुसरा मार्ग आहे. ‘दोन मुलं झालीत ना’ हे ऑपरेशनचं कारण होऊ शकत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा भराभर काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिथेही सुरुवात अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं अशा साध्या तक्रारींपासूनच झाली होती. पिशवी काढायची खरी कारणं असतात, मी स्वतः काढल्या आहेत. तुझ्या पत्रात मला त्यातलं एकही दिसलं नाही. तरी कुणी आग्रह धरला तर कारण कागदावर लिहून माग आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घे.

कॅन्सरचं थोडक्यात: फुगलेली शीर कॅन्सरकडे जात नाही. तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी प्रत्येकीने करायची असते, ती तुझी राहिली असेल तर याच फेरीत उरकून घे.

उपचार दोन पायऱ्यांत होतात. पहिली पायरी गोळ्यांची. प्रोजेस्टेरॉनच्या जातीतली मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन काही महिने देतात, त्याने शिरा आक्रसतात आणि जडपणा उतरतो. पण वजन वाढतं, पोट फुगल्यासारखं वाटतं, आणि गोळी थांबवली की पुष्कळदा दुखणं परत येतं. डायॉस्मिन-हेस्पेरिडिन नावाची गोळी मूळव्याधीला आणि पायांच्या शिरांना देतात, ती यातही काहींना लागू पडते. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणू नको.

दुसरी पायरी एम्बोलायझेशनची. शब्द मोठा आहे, काम विहिरीच्या गळक्या पाइपाला बूच मारण्याचं. मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून, जागा बधिर करून, शेवईसारखी बारीक नळी घालतात. एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती डाव्या अंडाशयाच्या शिरेपर्यंत नेतात आणि तिथे धातूची बारीक स्प्रिंग किंवा फेसासारखं औषध सोडून शीर बंद करतात. रक्त आजूबाजूच्या चांगल्या शिरांतून वाट काढतं. पोटावर टाका नाही, पूर्ण भूल नाही, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी. १९९३ पासून हे केलं जातं आहे. साधारण दहातल्या सात-आठ जणींना चांगला उतार पडतो. सगळ्यांना नाही, आणि काहींचं काही वर्षांनी उलटतं. पहिला आठवडा ओटीपोट दुखतं, कणकण येऊ शकते. स्प्रिंग जागेवरून सरकून फुप्फुसाकडे जाणं क्वचित होतं, पण होतं, म्हणून हात बसलेला माणूस हवा. आणि वर सांगितलेला अडकित्त्याचा प्रकार असेल तर ही शीर मूत्रपिंडाच्या रक्ताची पळवाट असते, ती सरसकट बंद करायची नसते. म्हणून आधी व्हेनोग्राफी, मग बाकीचं.

हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (पडद्यावर बघत नळीने उपचार करणारे) किंवा रक्तवाहिन्यांचे सर्जन करतात. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी कर. खाजगीत खर्च चांगलाच येतो. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे बसतं का ते विचार. ‘नाही’ म्हणाला तर कुठल्या नावाखाली नाही, तेही विचार.

तोवर ओट्यापाशी काय करता येईल? पोळ्या लाटायला उंच स्टूल घे. सवय नसते, पहिले चार दिवस पोळी वाकडी होईल, होऊ दे. उभंच राहायचं असेल तेव्हा पायाशी लाकडी पाट ठेव आणि एक पाय त्यावर, दर पंधरा मिनिटांनी पाय बदल. तव्यावर पोळी फुगेपर्यंत टाचा दहा वेळा वर-खाली कर. पोटऱ्या म्हणजे शिरांचा पंप, तो उभ्या माणसाचा बंद पडलेला असतो. दुपारी एक ते पाच या वेळात भांडी, हिशेब, मुलांचा डबा हे सगळं येणारच, पण त्यातली वीस मिनिटं भिंतीला पाय लावून पडायचं, योगवाले विपरीत करणी म्हणतात तसं. कणकेचं घमेलं आणि सिलिंडर श्वास रोखून एकटीने उचलायचा नाही. शौचाला जोर द्यावा लागत असेल तर आधी ते सोडव, कारण प्रत्येक जोर त्या शिरांवर येतो. पायाचे घट्ट मोजे मांडी-पोटरीच्या शिरांना बरे, पोटातल्यांना फारसे नाहीत. यातल्या कशाने शिरेचे पडदे दुरुस्त होत नाहीत, पण संध्याकाळ थोडी सुसह्य होते.

थांबायचं नाही अशा गोष्टी: अचानक असह्य कळ, ताप, एकच पाय सुजून दुखू लागणं, पाळी नसताना रक्त जाणं. यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता अबोल्याचं. तू टाळतेस ते तुझ्या नवऱ्याला नकार वाटतं, आणि कारण तू त्याला सांगितलेलं नाहीस, असं मला पत्रावरून दिसतं. हे पान त्याच्यासमोर ठेव. त्याने निदान ते भरतीवाल्या पोरांचं वाचावं, पुरुषाला ते पटकन कळतं. दिवसभर उभं राहून भरलेल्या ओटीपोटाने रात्री दहाला जवळ जाण्यापेक्षा सकाळची, शरीर हलकं असतानाची वेळ दोघांना बरी पडेल. मुलं शाळेत गेल्यावरची एखादी सकाळ मोकळी काढा. केंद्र एक दिवस उशिरा उघडलं तर गिऱ्हाईक पळून जात नाही.

येत्या महिन्यात एक वही कर. रोज सकाळी उठल्यावर, दुपारी एकला आणि रात्री आठला, दहापैकी किती दुखतंय तो आकडा. शेजारी पाळीची तारीख, आणि जवळ गेल्याचा दिवस एखाद्या खुणेने. त्या खाली आलेल्या शिरांचं पहिल्या पानावर ठळक लिही, म्हणजे तोंडाने सांगायला जड गेलं तर वही पुढे करता येईल. सोनोग्राफीला सकाळची वेळ घेऊ नको. पोळ्या संपल्या की दुपारी तशीच जा, वाटेत टेकू नकोस, आणि तिथे सांग: आतून करा, डॉप्लर लावा, उभं करून बघा. उभं करून बघायला नाही म्हणाले तर दुसरं सेंटर शोध. रिपोर्ट आला की मला कळव, आणि स्टूल घेतलंस का तेही लिही.